आकाशमार्ग आणि भूमार्ग : उपग्रहीय इंटरनेटची जमिनीवरील जाळ्याशी सांगड

उपग्रहाद्वारे इंटरनेट मिळू लागले की जमिनीवरील तारा, खांब आणि मनोरे यांचे काम संपेल, असे मत हल्ली अनेकदा ऐकावयास मिळते. याच्या उलट, गावोगाव फायबर पोहोचत असताना आकाशातील महागडी सेवा हवी कशाला, असेही विचारले जाते. दोन्ही मते एकाच गैरसमजातून निघाली आहेत. उपग्रह आणि भूमीवरील जाळे हे जणू दोन प्रतिस्पर्धी दुकानदार आहेत, असे धरून ही मंडळी बोलतात. वास्तविक उपग्रह हा केवळ मधला दुवा होय. त्याची दोन्ही टोके जमिनीवरच असतात. गावातील डिशमधून निघालेला संदेश उपग्रहाकडे जातो, तेथून तो एखाद्या मोठ्या भूकेंद्रावर उतरतो, आणि भूकेंद्रापासून पुढे त्याला फायबरचीच वाट धरावी लागते. बँकेचा संगणक, विद्यापीठाचा संगणक, शेअर बाजाराचा संगणक हे सगळे जमिनीवर आहेत. तेव्हा प्रश्न आकाश की जमीन असा नसून, दोहोंचा सांधा कोठे व कसा बसवावयाचा आणि त्या सांध्याचा खर्च व धोका कोणाच्या वाट्याला येतो, असा आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने विज्ञानाचा भाग लागेल तेवढाच घेतला आहे. हिशेब मात्र सोडलेला नाही.

उदाहरणासाठी उज्जैन शहर घेतो. माझे मामा तेथे राहतात, हे एक कारण. दुसरे अधिक सबळ आहे : आकाश आणि जमीन यांचा मेळ घालण्याचे काम या गावाने फार पूर्वीपासून केलेले आहे. आपल्या सिद्धांतग्रंथांतील ज्योतिषाचा शून्य रेखांश उज्जयिनीवरून जातो. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षिप्रेकाठी बांधलेली वेधशाळा आजही तेथे उभी आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. (ग्वाल्हेरच्या आधी शिंद्यांची राजधानी उज्जैन येथेच होती. तेथील आळ्यांतून आजही मराठी ऐकू येते ती त्यामुळेच.) या वेधशाळेत नाडीवलय नावाचे एक यंत्र आहे. त्याच्या दोन्ही तबकड्या पृथ्वीच्या विषुववृत्ताला समांतर बसविलेल्या आहेत. सूर्य उत्तर गोलार्धात असला की उत्तरेकडील तबकडीवर ऊन पडते, दक्षिण गोलार्धात गेला की दक्षिणेकडील.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या याच प्रतलात, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरतात. पृथ्वीला स्वतःभोवती फिरावयास जितका वेळ लागतो तितक्याच वेळात त्यांची एक फेरी होते, म्हणून ते आकाशात एका जागी खिळल्यासारखे वाटतात आणि डिश हलवावी लागत नाही. आपला जीसॅट-११ हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. उज्जैन सुमारे ७५.८ अंशावर. त्यामुळे उज्जैनमध्ये या उपग्रहाकडे लावलेल्या डिशचे तोंड जवळजवळ नेमके दक्षिणेस असते. आता ते किती वर उचलावयाचे? उज्जैनचा अक्षांश सुमारे २३ अंश, म्हणून तेथून पाहिले असता खगोलीय विषुववृत्त दक्षिणेस ६७ अंशांवर दिसते. परंतु डिश ६३ अंशांवर ठेवावी लागते. चार अंशांचा फरक पडतो तो उपग्रह ताऱ्यांसारखा अनंत अंतरावर नसल्यामुळे. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे तो शेअर बाजाराच्या वेळापत्रकात भेटणार आहे.

उज्जैनपासून हा उपग्रह सुमारे ३६,४०० किलोमीटर दूर आहे. रेडिओलहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. डिशपासून उपग्रह व तेथून भूकेंद्र एवढ्या प्रवासाला पाव सेकंद लागतो, आणि उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद होतो. उज्जैन ते मुंबई हे साधारण साडेसहाशे किलोमीटर अंतर फायबरमधून जाऊन परत येण्यास मात्र सेकंदाचा दीडशेवा भाग पुरतो, वाटेतील यंत्रांचा वेळ सोडून. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला २ लाख किलोमीटरपर्यंत उतरतो, तरीही हा हिशेब असा आहे.

अर्ध्या सेकंदाने काय बिघडते, असे वाटेल. संभाषणात थोडा अडखळा येतो, एवढेच नव्हे. इंटरनेटवर माहिती लहान लहान पाकिटांतून जाते, आणि पाठविणारा संगणक पोचपावती आल्याशिवाय ठराविक मर्यादेपलीकडे पुढची पाकिटे सोडत नाही. जुन्या पद्धतीत ही मर्यादा ६४ किलोबाइटची होती. दर अर्ध्या सेकंदाला ६४ किलोबाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे १ मेगाबिट. मार्ग कितीही रुंद असला तरी एका वेळच्या एका देवाणघेवाणीला त्याहून अधिक वेग मिळत नसे, कारण बहुतेक काळ पावतीची वाट पाहण्यातच जाई. यावर तोडगा निघाला तो जमिनीवर. भूकेंद्रातील एक मध्यस्थ यंत्र पाठविणाऱ्याला तेथल्या तेथे पोचपावती देऊन मोकळे करते आणि उपग्रहाच्या टप्प्याची जबाबदारी स्वतःवर घेते. हुंडी वटविणारा अडत्या जसे काम करी, तसेच हे. मर्यादाही पुढे वाढविण्यात आली. परंतु अलीकडे बरीचशी देवाणघेवाण आरंभापासून शेवटापर्यंत कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक असते, आणि काही नव्या पद्धतींत तर पावत्याही कुलपातच असतात. तेथे या अडत्याचे काही चालत नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला या साऱ्याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईत सापडतो. राष्ट्रीय शेअर बाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे व्यवहार सुरू केले ते उपग्रहाच्या आधारावर. त्या वेळी शहराशहरांतील टेलिफोनच्या भाड्याच्या तारांवर भरवसा ठेवणे कठीण होते. तेव्हा देशभरातील दलालांच्या गच्चीवर लहान डिश बसवून त्या मुंबईच्या मध्यवर्ती संगणकाशी इन्सॅटमार्फत जोडण्यात आल्या. तोपर्यंत इंदूरसारख्या शहरांचे आपापले शेअर बाजार होते आणि तेथील भाव मुंबईच्या भावापेक्षा निराळे असू शकत. उपग्रहाला अंतराचे सोयरसुतक नसते. दादर काय आणि इंदूर काय, त्याला सारखेच. एकाच पडद्यावर एकच भाव सर्वांना दिसू लागला, आणि वर्षभराच्या आतच या नव्या बाजाराची उलाढाल शतकभर जुन्या मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेली.

या यंत्रणेला वर्षातून दोनदा एक विचित्र अडचण येई. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस, दुपारच्या सुमारास, सूर्य डिशच्या नजरेतून नेमका उपग्रहाच्या मागे येतो. सूर्य स्वतःच रेडिओलहरींचा प्रचंड उगम असल्याने त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. खरे तर सूर्य विषुववृत्तावर येतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. मग अडचण मार्चमध्ये आधी आणि शरदात नंतर का? तर ते वर सांगितलेले चार अंश. उज्जैनहून उपग्रह विषुववृत्ताच्या चार अंश दक्षिणेस दिसतो, आणि सूर्य तेथे असतो १० मार्चच्या आणि ३ ऑक्टोबरच्या आगेमागे. या दोन्ही वेळी ऊन नाडीवलयाच्या दक्षिण तबकडीवर असते. २००० नंतरच्या दशकात या दिवसांत शेअर बाजार दुपारी सुमारे पाऊण तास बंद ठेवीत आणि तो वेळ सायंकाळी भरून काढीत. देशाच्या भांडवल बाजाराने सूर्याच्या क्रांतीप्रमाणे घंटा वाजवावी, ही गोष्ट जयसिंगाला नक्कीच आवडली असती.

पुढे जमिनीवरील तारा सुधारल्या, फायबर आले, आणि दलाल त्याकडे वळले. २०१० च्या सुमारास बाजाराच्या आवारातच आपले संगणक ठेवण्याची सोय झाली. तेव्हापासून अर्धा सेकंद म्हणजे युग ठरले. ज्याला भाव हजारांश सेकंदात कळतो त्याच्यासमोर डिशवाला छोटा दलाल उभा राहू शकत नाही. म्हणजे ज्या उपग्रहाने एकदा सर्वांना एका रांगेत आणले, तोच पुढे मागे राहिलेल्यांची खूण झाला. दोष उपग्रहाचा नाही. कोणते काम कोणत्या वाटेने पाठवावे हा विचार काळाप्रमाणे बदलावा लागतो, आणि बदलण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते.

मामा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उज्जैनमधील एका उपदलालाकडे हिशेब लिहीत असत. डिश होती ती इंदूरच्या मुख्य दलालाच्या गच्चीवर, ५५ किलोमीटर दूर. ग्राहकाची मागणी टेलिफोनने इंदूरला सांगावयाची, तेथून ती आकाशमार्गे मुंबईस. एका पावसाळ्यात जमिनीखालील केबलमध्ये पाणी शिरून दोन दिवस टेलिफोन मुका झाला. बाजार घसरत होता. मुलीच्या लग्नासाठी शेअर विकावयास आलेले एक वृद्ध गृहस्थ दोन्ही दिवस दुकानात बसून होते. ते तिसऱ्या दिवशी विकू शकले तेव्हा भाव बराच खाली आला होता. मामा अजून सांगतात, "अरे, मुंबई आमच्यापासून अर्ध्या सेकंदावर होती, आणि इंदूर दोन दिवसांवर!"

उपग्रहीय सेवेच्या जाहिरातीत आकाशातील भाग दाखवितात. पण तुटते ते बहुधा जमिनीवरचे शेवटचे टोक. गावच्या पंचायतीवर डिश असते, पण वीज नसते. वीज असते, पण बॅटरी निकामी झालेली असते. डिशही चालते, पण तिच्यापासून शाळेपर्यंतची तार उंदरांनी कुरतडलेली असते. पावसाची बाधा मात्र आकाशमार्गालाही होते, विशेषतः अधिक कंपनांच्या नव्या उपग्रहांना. मुसळधार सरीत पाण्याचे थेंब लहरी शोषून घेतात. म्हणजे एकच पाऊस वरून डिशला आणि खालून केबलला त्रास देतो. तरी दोन्ही एकाच क्षणी बंद पडण्याचा संभव कमी. सर अर्ध्या तासात ओसरते, केबलला दुरुस्तीचे माणूस लागते. दोन मार्ग ठेवण्याचा खरा फायदा हा आहे.

दोन मार्ग ठेवले की त्यांच्यात निवड करणारा कोणीतरी हवा. हे काम राउटर करतो. फायबर बंद पडल्याचे ओळखून तो वाहतूक डिशकडे वळवितो आणि फायबर सुरू झाले की परत आणतो. ऐकावयास सोपे वाटते, पण येथेच मेख आहे. समजा, एखादी विद्यार्थिनी परीक्षेचे शुल्क भरत आहे. पैसे खात्यातून निघाले, आणि पावती येण्यापूर्वी मार्ग बदलला. मार्ग बदलला की इंटरनेटवरील तिचा पत्ताही बदलतो. पलीकडच्या संगणकाला वाटते, ही कोणी निराळीच व्यक्ती आहे. तो दार लावून घेतो. पैसे गेले, पावती नाही. हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. उपाय असा की दोन्ही मार्ग आधी भूकेंद्रातील एकाच ठिकाणी आणावयाचे आणि बाहेरच्या जगाला तेवढा एकच पत्ता दाखवावयाचा. आतून वाट कोणतीही असो, बाहेरून माणूस तोच राहतो. यासाठी फायबरवाली व उपग्रहवाली अशा दोन निरनिराळ्या कंपन्यांना एकमेकींशी जमवून घ्यावे लागते. माझ्या मते तांत्रिक अडचणीपेक्षा ही अडचण मोठी आहे.

आता हिशेब. फायबरचा खर्च अंतरावर अवलंबून असतो, वापरावर नाही. एकदा चर खोदून केबल पुरली की तिच्यातून थोडे गेले काय आणि पुष्कळ गेले काय, खर्चात विशेष फरक पडत नाही. आपल्या परिभाषेत हा स्थिर खर्च. उपग्रहाचे उलट. अंतर कितीही असो, खर्च तोच. मात्र वहनक्षमता मर्यादित असल्याने वापर वाढला की खर्च वाढतो. हा बदलता खर्च. केवळ उदाहरणासाठी असे मानू की फायबरला दर किलोमीटरला वर्षाला १० एकक खर्च पडतो, आणि उपग्रहाला दर कुटुंबामागे १ एकक. जवळच्या फायबरपासून २० किलोमीटर दूर असलेल्या गावाला फायबर २०० एककांना पडेल. गावात ५० घरे असतील तर उपग्रह ५० एककांत काम भागवील. ५०० घरे असतील तर उपग्रह ५०० एकक मागेल. समतोलबिंदू २०० घरांवर येतो. पण पुढच्या काही वर्षांत प्रत्येक घराचा वापर चौपट झाला, तर हाच बिंदू ५० घरांवर उतरतो. म्हणजे जेथे आज उपग्रह स्वस्त, तेथे उद्या फायबर स्वस्त. यावरून क्रम ठरतो : आधी उपग्रह, मागाहून फायबर, आणि फायबर आल्यावर डिश काढून न टाकता ती राखीव ठेवणे.

हा क्रम आपल्याकडे नवा नाही, आणि येथे मान आमच्या कन्नड विभागाच्या मित्रांकडे जातो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्याचा 'साइट' प्रयोग झाला. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या डिश खेड्यांत उभ्या राहिल्या. वर्ष संपले, उपग्रह परत नेण्यात आला, आणि बहुतेक खेड्यांतील पडदे विझले. कार्यक्रमाची चटक लागलेल्या भागांसाठी मग जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे उभारण्यात आली. गुलबर्ग्याचे केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले. आधी आकाशाने मागणी निर्माण केली, नंतर जमिनीने ती भागविली.

२००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅटच्या प्राथमिक टप्प्यात तीन विद्यापीठे होती : बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय. एकच व्याख्यान एकाच वेळी शेकडो वर्गांत पोहोचविणे हे उपग्रहाचे खरे बलस्थान. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, आकाशातून एकदाच बोलावे लागते. एज्युसॅट २०१० मध्ये निवृत्त झाला. आज प्रत्येक विद्यार्थी आपापल्या सवडीने निरनिराळे व्याख्यान पाहतो, आणि तेथे हे बलस्थान उपयोगी पडत नाही. ते काम फायबरचे.

भारतनेट योजनेत ग्रामपंचायती जोडताना हेच धोरण दिसते. सुमारे अडीच लाख पंचायतींपैकी बहुसंख्य फायबरने, आणि जेथे डोंगर, जंगल वा नदी आडवी येते अशा काही हजार पंचायती उपग्रहाने. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात फायबरची रचना वर्तुळाकार करावयाची आहे. एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहावी, असा हेतू.

नव्या पिढीचे उपग्रह खालून फिरतात. स्टारलिंकचे सुमारे ५५० किलोमीटरवरून, वनवेबचे १,२०० किलोमीटरवरून. अंतर घटल्याने अर्ध्या सेकंदाचा विलंब शंभरांश सेकंदांच्या हिशेबात येतो. मात्र ते आकाशात एका जागी थांबत नाहीत. एक क्षितिजाखाली जाण्याआधी दुसऱ्याने काम उचलावे लागते, म्हणून त्यांची संख्या शेकडो-हजारोंनी मोजावी लागते. तरीही जमीन सुटत नाही. भारतातील वापरकर्त्यांची वाहतूक भारतातीलच भूकेंद्रांतून गेली पाहिजे, अशी सरकारची अट आहे. वनवेबचे एक भूकेंद्र गुजरातेत मेहसाणा येथे आहे. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम या जिल्ह्यांचा उल्लेख आहे. सातपुड्यातील पाड्यांवर चर खोदून केबल नेण्यापेक्षा डिश लवकर लागेल, यात शंका नाही. त्या डिशचे मासिक शुल्क तीन वर्षांनी कोण भरील, याचे उत्तर इरादापत्रात नव्हे, पंचायतीच्या अंदाजपत्रकात शोधावे लागेल.

उज्जैनसाठी उत्तर नेमके उलट आहे. २०२८ च्या उन्हाळ्यात तेथे सिंहस्थ भरेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-एन२ या उपग्रहाची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे, आणि ती देशभर ३२ झोतांत वाटलेली आहे. हा अख्खा उपग्रह एकट्या रामघाटाला दिला, तरी एक लाख माणसांनी एकाच वेळी मोबाइल उघडल्यास प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिटही येणार नाही. सिंहस्थात एक लाख ही गर्दीच नव्हे. फायबरच्या केसासारख्या एका तंतूतून मात्र याच्या कितीतरी पट माहिती जाते. म्हणून घाटावर मनोरे आणि फायबरच हवेत. डिश हवी ती पोलीस चौकीच्या आणि दवाखान्याच्या छपरावर, गर्दीने जमिनीवरील जाळे कोंडले तरी तेवढे चार संदेश बाहेर जावेत यासाठी. मामांनी ही योजना ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "चौकीपासून घाटापर्यंतची तार कोण सांभाळणार?"